आयनिक द्रवात कार्बन डायऑक्साइडचं शोषण: सिम्युलेशन अडलं की आधी कॉलम सोडा, घटक तपासा

तक्रार साधारण अशी असते. अ‍ॅस्पेन प्लस या रासायनिक प्रक्रियांच्या सिम्युलेटरमध्ये बीमिम-टीएफटूएन किंवा एचमिम-टीएफटूएन हा आयनिक द्रव (खोलीच्या तापमानाला द्रव राहणारं मीठ) स्वतः तयार केलेला घटक म्हणून टाकलेला असतो. रेणुभार, उत्कलनबिंदू, क्रांतिक तापमान, क्रांतिक दाब हे आकडे एखाद्या शोधनिबंधाच्या तक्त्यातून उचललेले असतात. शोषणासाठी दहा स्टेजचा रॅडफ्रॅक (सिम्युलेटरमधला कॉलमचा ब्लॉक), खालून गॅस, वरून लीन (गॅस काढून टाकलेला) सॉल्व्हंट, पुढे दाब उतरवून गॅस सोडवणारी फ्लॅश टाकी, पंप, कूलर आणि सॉल्व्हंट परत फिरवणारा रिसायकल. रन दिला की तीनपैकी एक गोष्ट घडते. कॉलम २०० इटरेशन झाली तरी कन्व्हर्ज होत नाही (गणित एका उत्तरावर स्थिरावत नाही). किंवा होतो, पण ९९.९९ टक्के कार्बन डायऑक्साइड शोषला गेल्याचं दाखवतो. किंवा सगळं नीट चालतं आणि रिसायकल जोडताच सॉल्व्हंट आटत जातो.

अशा वेळी हात आपोआप कॉलमच्या सेटिंगकडे जातो. डॅम्पिंग वाढवा, अल्गोरिदम बदला, तापमानाचे अंदाज भरा. मी स्वतः एका कामात जवळजवळ पंधरा दिवस हेच करत बसलो होतो. शेवटी फ्लॅश टाकीतून वर निघणाऱ्या स्ट्रीमचा तक्ता उघडून एकेक ओळ वाचली, तर कार्बन डायऑक्साइडच्या खालच्याच ओळीत आयनिक द्रव होता, तोही बाष्प अवस्थेत. कॉलमचा काही दोष नव्हता. सॉल्व्हंट हा एखाद्या जड तेलासारखा उडणारा द्रव आहे असं सिम्युलेटर धरून चालला होता आणि त्या समजुतीवर त्याचं गणित अगदी बरोबर होतं.

तेव्हापासून असं मॉडेल अडलं की मी कॉलमला हात लावत नाही. आधी त्या द्रवाबद्दल सिम्युलेटरला काय सांगितलं गेलंय ते बघतो. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

आधी एकच फ्लॅश टाकी

फाइलची प्रत काढा आणि तिच्यातून कॉलम, पंप, रिसायकल सगळं काढून टाका. फक्त एक फ्लॅश टाकी ठेवा. तिच्यात १ किलोमोल आयनिक द्रव आणि १ किलोमोल कार्बन डायऑक्साइड सोडा, तापमान २५ अंश सेल्सिअस, दाब १ बार. मग द्रव स्ट्रीममधला कार्बन डायऑक्साइडचा मोल फ्रॅक्शन आणि बाष्पातला आयनिक द्रवाचा मोल फ्रॅक्शन बघा.

बीमिम-टीएफटूएनसाठी २५ अंशांना हेन्री स्थिरांक (वायूचा दाब भागिले द्रवातला त्याचा मोल फ्रॅक्शन) सुमारे ३३ बार आहे. म्हणजे १ बारला द्रवात साधारण ०.०३ मोल फ्रॅक्शन कार्बन डायऑक्साइड हवा आणि बाष्पात आयनिक द्रव जवळजवळ शून्य. बीमिम-पीएफसिक्स घेतला असेल तर हेन्री स्थिरांक सुमारे ५३ बार, म्हणजे ०.०१९ च्या आसपास. हे दोन आकडे जुळत नसतील तर कॉलमवर एक मिनिटही घालवू नका. टाकी बरोबर उत्तर देईपर्यंत पुढे जायचं नाही.

सॉल्व्हंट उडून जातो

आयनिक द्रवांबद्दलची उत्सुकता ज्यामुळे वाढली तो गुण नेमका हाच होता. १९९९ मध्ये अमेरिकी संशोधक जोन ब्रेनेके यांच्या गटाने दाखवलं की कार्बन डायऑक्साइड बीमिम-पीएफसिक्समध्ये भरपूर विरघळतो, पण आयनिक द्रव मात्र कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजण्याइतकाही जात नाही. खोलीच्या तापमानाला या द्रवांचा बाष्पदाब नगण्य असतो. २००६ मध्ये काही आयनिक द्रवांचं ऊर्ध्वपातन करता येतं हेही सिद्ध झालं, पण ते अतिशय कमी दाबात आणि चांगल्याच चढ्या तापमानाला. आपल्या अ‍ॅब्सॉर्बरला त्याचं काही देणंघेणं नाही.

मग सिम्युलेटरमध्ये तो उडतो कसा? आपण दिलेल्या उत्कलनबिंदूमुळे. वाल्देरामा आणि रोब्लेस यांनी २००७ मध्ये गट-योगदानाने (रेणूतल्या गटांचे वाटे जोडून) आयनिक द्रवांचे उत्कलनबिंदू आणि क्रांतिक गुणधर्म काढण्याची पद्धत मांडली. बहुतेक जण तेच आकडे वापरतात आणि त्यात गैर काही नाही. पण तो उत्कलनबिंदू कुणी मोजलेला नाही, तो समीकरणं चालवण्यासाठी लागणारा आकडा आहे. प्रत्यक्षात हे द्रव क्रांतिक बिंदूच्या फार आधीच विघटित होतात. अंदाजाचा चौकोन टिकमार्क केला की सिम्युलेटर उत्कलनबिंदू, क्रांतिक तापमान आणि क्रांतिक दाब यांवरून बाष्पदाबाचं समीकरण तयार करतो. ते समीकरण मुकाट्याने वापरलं जातं आणि इशाराही येत नाही.

हा दोष किती महागात पडतो ते पाहा. व्हॅक्यूम फ्लॅश ०.१ बारला आहे आणि खोट्या समीकरणाने त्या तापमानाला आयनिक द्रवाचा बाष्पदाब ०.००१ बार काढला, असं धरू. बाष्पात १ टक्का मोल आयनिक द्रव. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बीमिम-टीएफटूएनचा रेणुभार ४१९ आहे आणि कार्बन डायऑक्साइडचा ४४. वजनात मांडलं तर त्या बाष्पाचा जवळजवळ ९ टक्के भाग सॉल्व्हंट झाला. रिसायकलच्या प्रत्येक फेरीला इतका सॉल्व्हंट गळत असेल तर लूप कधी बंद होणार?

उपाय सोपा आहे. वाढीव अँटॉइन समीकरणाचे (तापमानावरून बाष्पदाब देणाऱ्या) गुणांक स्वतःच्या हाताने भरा. पहिला गुणांक मोठा ऋण आणि बाकीचे शून्य. दाबाचं एकक बार असेल तर पहिला गुणांक −३० दिला की बाष्पदाब सुमारे १०⁻¹³ बार होतो. तेवढं भरपूर झालं. काही जण थेट −१०¹⁰ किंवा त्याहून मोठे आकडे टाकतात. तसं करू नका. बाष्पदाब संगणकासाठी पूर्ण शून्य झाला की समतोल गुणांकही (घटकाच्या बाष्पातल्या आणि द्रवातल्या मोल फ्रॅक्शनचं गुणोत्तर) शून्य होतो आणि जिथे त्याचा लॉगॅरिदम घ्यायचा असतो तिथे गणित कोसळतं. मग कॉलम न चालण्याचं आणखी एक कारण आपण स्वतःच जन्माला घातलेलं असतं.

एक जागा मात्र अशी आहे जिथे हा उपाय लागूच पडत नाही. तुम्ही पेंग-रॉबिन्सन किंवा रेडलिच-क्वाँग कुळातलं अवस्था-समीकरण दोन्ही अवस्थांसाठी निवडलं असेल तर समतोल काढताना अँटॉइनकडे कुणी बघतच नाही. तिथे द्रवाची उडण्याची वृत्ती क्रांतिक तापमान, क्रांतिक दाब आणि अकेंद्रता घटक यांवरून ठरते. अँटॉइन बदलून काहीच फरक पडत नाही म्हणून लोक गोंधळतात, त्यामागे बहुतेक हेच असतं. एनआरटीएलसारखी सक्रियता गुणांकांची (द्रव मिश्रण आदर्शापासून किती ढळतं ते सांगणाऱ्या आकड्यांची) पद्धत घेतली तरच अँटॉइन कामाला येतो.

हेन्री: तीन ठिकाणी घसरण

पहिली घसरण यादीची. कार्बन डायऑक्साइडला हेन्री घटक म्हणून नोंदवावं लागतं आणि ती यादी गुणधर्म-पद्धतीच्या पानावर निवडावीही लागते. पहिली गोष्ट केली आणि दुसरी राहिली, हे सर्रास घडतं. तसं झालं की सिम्युलेटर कार्बन डायऑक्साइडला साधा द्रव मानून त्याचा स्वतःचा बाष्पदाब वापरतो. २५ अंशांना तो सुमारे ६४ बार असतो. म्हणजे १ बारला विद्राव्यता ०.०१६ येते, खऱ्याच्या निम्मी. उत्तर अगदीच वेडंवाकडं नसल्याने संशय येत नाही आणि हा दोष महिनोन्महिने फाइलमध्ये राहतो. तापमान ३१ अंशांच्या वर गेलं की कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ओलांडला जातो आणि त्यापुढचा बाष्पदाब म्हणजे नुसतं ओढूनताणून लांबवलेलं समीकरण. नायट्रोजन, मिथेन, हायड्रोजन यांनाही याच यादीत घ्या. नायट्रोजनचं क्रांतिक तापमान −१४७ अंश सेल्सिअस आहे, ४० अंशांना त्याच्या बाष्पदाबाला काही अर्थच उरत नाही.

दुसरी घसरण एककांची. हेन्रीचं समीकरण लॉगॅरिदममध्ये असतं, त्यामुळे दाबाचं एकक पहिल्या गुणांकात दडलेलं असतं. बीमिम-टीएफटूएनसाठी २५ अंशांना ३३ बार आणि ५० अंशांना सुमारे ४९ बार धरले तर पहिला गुणांक ८.५३ आणि दुसरा −१५०० केल्विन येतो. हे बारमध्ये. तेच किलोपास्कलमध्ये हवे असतील तर पहिल्यात ४.६१ मिळवायचे, पास्कलमध्ये हवे असतील तर ११.५१. दुसरा गुणांक तसाच राहतो. बारचे आकडे पास्कलच्या रकान्यात पडले की हेन्री स्थिरांक ३३ पास्कल होतो आणि हाती येईल तेवढा कार्बन डायऑक्साइड द्रवात जातो. वर सांगितलेल्या ९९.९९ टक्क्यांचं गुपित बहुधा हेच असतं. उलटं झालं तर काहीच विरघळत नाही. तापमानाचंही पाहून घ्या: गुणांक केल्विनचे असतात, पण समीकरण कुठून कुठपर्यंत लागू आहे त्या मर्यादांचं तापमान तुम्ही रकान्यात निवडलेल्या एककात वाचलं जातं.

तिसरी घसरण सगळ्यात कपटी, कारण तिथे सिम्युलेटर आपल्यावर उपकार करायला जातो. गॅस ओला आहे म्हणून आपण पाणी हा घटक जोडतो. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी या जोडीचे हेन्री गुणांक डेटाबँकेत तयार असतात, ते आपोआप येऊन बसतात. आयनिक द्रवाबरोबरच्या जोडीचे आपण भरायचे असतात. ते राहिले तर मिश्र सॉल्व्हंटचा हेन्री स्थिरांक ज्या जोडीचे गुणांक आहेत तेवढ्यावरूनच काढला जातो. म्हणजे द्रवात ९९ टक्के आयनिक द्रव असला तरी विद्राव्यता पाण्याची. पाण्यात हा स्थिरांक २५ अंशांना सुमारे १६५० बार आहे, आयनिक द्रवाच्या पन्नासपट. पाणी घातल्यावर शोषण एकदम बंद पडलं तर दुसरीकडे शोधू नका, हेन्रीचा तक्ता उघडा आणि दोन्ही ओळी आहेत का ते बघा.

दोन्ही ओळी असल्या तरी एक सांगायचं राहतं. मिश्र सॉल्व्हंटमध्ये वजन ठरवताना क्रांतिक घनफळ वापरलं जातं. ते तुमच्या अंदाजी तक्त्यातूनच आलेलं असतं. त्यामुळे ओल्या आयनिक द्रवासाठी मोजलेली विद्राव्यता हाताशी असेल तर एकदा जुळवून बघाच.

दाब वाढला की हेन्रीची सरळ रेषा वाकते. १० बारच्या पुढे फक्त हेन्री स्थिरांकावर विसंबू नका. कार्बन डायऑक्साइड आणि आयनिक द्रव या जोडीचे एनआरटीएल गुणांक विद्राव्यतेच्या मोजमापांवर बसवा. मोजमापं हवी असतील तर अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचा आयएलथर्मो हा डेटाबेस खुला आहे. एचमिम-टीएफटूएन हा द्रव आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेच्या प्रकल्पात संदर्भ द्रव म्हणून निवडला गेला होता, त्यामुळे त्याची मोजमापं अनेक प्रयोगशाळांनी एकमेकांशी ताडून पाहिलेली आहेत. पहिलंच मॉडेल करणाऱ्याने याच द्रवापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा चुकला तर तो आपला चुकला हे तरी नक्की कळतं. गॅसच्या बाजूला आदर्श वायू धरू नका. २० बार आणि २५ अंशांना शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा फ्युगॅसिटी गुणांक (आदर्श वायूला तो १ असतो) सुमारे ०.९ असतो, एनआरटीएलबरोबर रेडलिच-क्वाँग असलेली पद्धत घेतली की एवढं भागतं.

कागद-पेन्सिलीने पकडता येणाऱ्या चुका

टाकी बरोबर उत्तर देऊ लागली की कॉलम जोडायच्या आधी दोन हिशेब कागदावर करा. पाच मिनिटं लागतात आणि त्यानंतर स्क्रीनवरचा कुठलाही आकडा फसवू शकत नाही.

पहिला हिशेब सॉल्व्हंट किती लागेल याचा. समतोल गुणांक म्हणजे हेन्री स्थिरांक भागिले दाब. २० बारला ३३ भागिले २०, म्हणजे १.६५. शोषण घटक म्हणजे द्रव आणि गॅसच्या मोल प्रवाहांचं गुणोत्तर भागिले हा समतोल गुणांक. १ मोल गॅसला २.५ मोल सॉल्व्हंट दिला तर शोषण घटक १.५ च्या किंचित वर जातो. क्रेम्सरच्या समीकरणात (स्टेज आणि शोषण घटकावरून शोषण काढणाऱ्या) ५ स्टेज टाकल्या की शोषण ९५ टक्क्यांच्या आसपास येतं, सॉल्व्हंट पूर्ण स्वच्छ असेल तर. आता ते २.५ मोल वजनात मांडा: एक किलोपेक्षा जास्त आयनिक द्रव, फक्त एका मोल गॅससाठी.

हाच हिशेब वातावरणीय दाबाच्या फ्लू गॅसला (ज्वलनातून निघणाऱ्या धुराला) लावा. समतोल गुणांक ३३. तोच १.५ चा शोषण घटक हवा तर १ मोल गॅसला जवळजवळ ५० मोल सॉल्व्हंट लागतो, म्हणजे वीस किलोच्या वर. फ्लू गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडचा अंशिक दाब ०.१३ बार धरला तर समतोलाला पोहोचलेल्या एक किलो सॉल्व्हंटमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा कार्बन डायऑक्साइड मावत नाही. म्हणून १ बारच्या फ्लू गॅसवर, भौतिक शोषण करणारा आयनिक द्रव, माफक प्रवाह आणि ९० टक्के शोषण असं चित्र दिसलं तर आनंद मानू नका. हेन्रीचं एकक बघा. हे द्रव उच्च दाबाच्या गॅससाठी शोभतात, आणि मोल फ्रॅक्शनचे मोठे आकडे पाहून ही गोष्ट नजरेआड होते. ४१९ रेणुभाराच्या द्रवात ०.१ मोल फ्रॅक्शन म्हणजे किलोमागे जेमतेम १२ ग्रॅम. ३० टक्के मोनोइथेनॉलअमाइनचं (या कामाला नेहमी वापरल्या जाणाऱ्या अमाइनचं) पाण्यातलं द्रावण एका फेरीत सहज किलोमागे ४० ग्रॅमच्या आसपास वाहून नेतं.

दुसरा हिशेब मला जास्त आवडतो, कारण त्यात हेन्री स्थिरांक लागतच नाही. फ्लॅश टाकीत १ बारला जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड वर निघतो, म्हणजे खाली राहिलेला लीन सॉल्व्हंट १ बार कार्बन डायऑक्साइडशी समतोलात आहे. तोच सॉल्व्हंट त्याच तापमानाला २० बारच्या अ‍ॅब्सॉर्बरच्या माथ्यावर गेला, तर तिथून बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडचा अंशिक दाब १ बारच्या खाली जाऊ शकत नाही. २० पैकी १, म्हणजे ५ टक्के. कितीही स्टेज वाढवा, कितीही सॉल्व्हंट फिरवा, ५ टक्क्यांच्या खाली गॅस जाणार नाही. फ्लॅश ५० अंशांना केला आणि मग सॉल्व्हंट २५ अंशांपर्यंत गार केला तर हा आकडा ३.४ टक्क्यांपर्यंत उतरतो. त्याहून शुद्ध गॅस हवा तर व्हॅक्यूम किंवा स्ट्रिपिंग गॅस (द्रवातून कार्बन डायऑक्साइड ओढून नेणारा) घ्यावाच लागतो. लोक शुद्धता मिळत नाही म्हणून स्टेज १० वरून ३० करतात, ३० वरून ६०. पण अडसर लीन सॉल्व्हंटमध्ये असतो.

तापमानाचा आलेख विचित्र दिसतो

कॉलममधलं तापमान एखाद्या स्टेजला शंभर अंशांनी उडी मारत असेल तर एन्थाल्पी तपासा. एनआरटीएल पद्धतीत द्रवाची एन्थाल्पी काढताना सिम्युलेटर आदर्श वायूपासून सुरुवात करतो आणि त्यातून बाष्पीभवनाची उष्णता वजा करतो. जो द्रव बाष्प होतच नाही त्याच्यासाठी ही दोन्ही पायऱ्या अंदाजाच्या. दोन मोठे अंदाजी आकडे एकमेकांतून वजा झाले की द्रवाची विशिष्ट उष्णता कशीही निघते. मी ती ऋणसुद्धा आलेली पाहिली आहे.

तपासणी अशी: एक हीटर घ्या, शुद्ध आयनिक द्रव २५ वरून ३५ अंशांना न्या आणि लागलेली उष्णता वाचा. एचमिम-टीएफटूएनची विशिष्ट उष्णता २५ अंशांना सुमारे ६३२ ज्यूल प्रति मोल केल्विन, म्हणजे किलोमागे १.४ किलोज्यूल. १ किलोमोलला १० अंशांसाठी ६.३ मेगाज्यूल यायला हवेत. येत नसतील तर द्रवाला संदर्भ अवस्था मानणारी पद्धत निवडून द्रवाची मोजलेली विशिष्ट उष्णता थेट भरा. ते जमत नसेल तर आदर्श वायूच्या विशिष्ट उष्णतेचे गुणांक असे बसवा की द्रवाची उष्णता मोजलेल्या आकड्याला जुळेल. दुसरा मार्ग सुंदर नाही, पण उत्तर बरोबर येतं.

शोषणाची उष्णता हेन्री स्थिरांकाच्या तापमानाबरोबर बदलण्यातून येते. वरच्या −१५०० केल्विनला वायू स्थिरांकाने गुणलं की १२.५ किलोज्यूल प्रति मोल मिळतात, भौतिक शोषणाला शोभेल असा आकडा. एकाच तापमानाचा हेन्री स्थिरांक भरून दुसरा गुणांक शून्य ठेवला तर शोषणाची उष्णता शून्य होते आणि गरम केल्यावर गॅस सुटतही नाही. रिजनरेशनला (सॉल्व्हंटमधून गॅस सोडवायला) उष्णताच लागत नाही असा निष्कर्ष एखाद्या अहवालात दिसला तर हा रकाना बघा.

कॉलमची सेटिंग

इथे फार काही नाही. कंडेन्सर नाही, रिबॉयलर नाही. गॅस फीड शेवटच्या स्टेजला ऑन-स्टेज द्या, किंवा शेवटच्या स्टेजच्या पुढचा क्रमांक देऊन अबव्ह-स्टेज ठेवा. शेवटच्याच स्टेजला अबव्ह-स्टेज ठेवलं तर बाष्प वरच्या स्टेजला जातं आणि तळाची स्टेज गॅसविना कोरडी राहते. अल्गोरिदम स्टँडर्ड ठेवून अ‍ॅब्सॉर्बरचा पर्याय हो करा, किंवा सम-रेट्स हा अल्गोरिदम वापरा. माथा आणि तळ यांच्या तापमानाचा साधा अंदाज भरा.

स्ट्रिपरला (सॉल्व्हंटमधून गॅस सोडवणाऱ्या कॉलमला) मात्र रिबॉयलर लावू नका. रिबॉयलरला तळाचा द्रव उकळवायचा असतो आणि शुद्ध आयनिक द्रवाला बुडबुडा-बिंदूच नाही. अँटॉइन दुरुस्त केल्यावर लगेच स्ट्रिपरचं गणित कोसळतं ते यामुळेच, आणि मग लोक दुरुस्ती मागे घेऊन खोटा बाष्पदाब परत आणतात. तापमान हजार अंशांकडे धावत असेल तर हेच समजा. हीटर आणि फ्लॅश टाकी घ्या, नाहीतर रिबॉयलर नसलेला कॉलम आणि खालून स्ट्रिपिंग गॅस.

रेट-बेस्ड मॉडेलकडे (समतोल न धरता वस्तुमान-वहनाचा वेग काढणाऱ्या) जाणार असाल तर श्यानता आणि घनता आधी मोजमापांवरून भरा. अंदाजी क्रांतिक गुणधर्मांवरून निघालेली घनता आणि श्यानता कॉलमचा व्यास आणि वस्तुमान-वहन दोन्ही बिघडवतात. बीमिम-टीएफटूएनची श्यानता २५ अंशांना सुमारे ५० मिलिपास्कल-सेकंद आहे, पाण्याच्या पन्नासपट. त्यात कार्बन डायऑक्साइडची विसरणशीलता १०⁻¹⁰ चौरस मीटर प्रति सेकंदाच्या घरात येते. पाण्यात ती सुमारे १.९ × १०⁻⁹ असते. विल्के-चँगचं सूत्र श्यानतेच्या अगदी व्यस्त प्रमाणात विसरणशीलता घसरवतं, आयनिक द्रवांत प्रत्यक्ष घसरण त्याहून सौम्य असते. म्हणून मोजलेला आकडा मिळत असेल तर तोच वापरा.

द्रव रासायनिक बंध करत असेल तर

बीमिम-अ‍ॅसिटेट किंवा अमाइन गट जोडलेले द्रव यांना वरचं हेन्रीचं सगळं लागू पडत नाही. अगदी कमी दाबालाच त्यांची विद्राव्यता उभी चढते, कारण कार्बन डायऑक्साइड इमिडाझोलियम कड्याच्या कार्बनला किंवा अमाइनला बांधला जातो. तिथे तयार होणारा पदार्थ वेगळा घटक म्हणून घ्या, त्याला आयनिक द्रवासारखाच शून्यवत बाष्पदाब द्या आणि समतोल स्थिरांक विद्राव्यतेच्या मोजमापांवरून बसवा. आणि लक्षात असू द्या: रॅडफ्रॅकला जोडलेला अभिक्रिया-संच फ्लॅश टाकीला आपोआप लागू होत नाही. अ‍ॅब्सॉर्बरमध्ये बांधलेला कार्बन डायऑक्साइड मग टाकीत सुटतच नाही, आणि दोष मात्र टाकीच्या तापमानाला दिला जातो.

शेवटी रिसायकल

खोटा बाष्पदाब काढून टाकला की रिसायकलचा प्रश्न सुटायला हवा असं वाटतं. बऱ्याचदा तो आणखी चिघळतो. आता सॉल्व्हंट कुठूनच बाहेर जात नाही आणि कुठूनच आत येत नाही. मग लूपमध्ये किती आयनिक द्रव फिरावा हे कोण ठरवणार? कुठलंच समीकरण ते ठरवत नाही. तुम्ही टेअर स्ट्रीममध्ये (लूप जिथे तोडून अंदाज भरतात तिथे) १०० किलोमोल प्रति तास लिहिले तर १०० फिरतात, २०० लिहिले तर २००. वेगस्टीन ही फेरीगणिक अंदाज सुधारणारी पद्धत अशा ठिकाणी बारीकशा गोलाईच्या चुकीवरून प्रवाह वाढवत किंवा आटवत नेते. मेक-अप (तूट भरून काढणाऱ्या) स्ट्रीममध्ये सुरक्षेसाठी म्हणून थोडा सॉल्व्हंट ठेवला असेल तर फेरीगणिक साठा वाढत जातो आणि लूप कधीच बंद होत नाही.

मी असं करतो. लूप कूलरच्या पुढे तोडतो आणि लीन सॉल्व्हंट हा साधा फीड म्हणून देतो, आयनिक द्रवाचा प्रवाह पक्का. परत आलेली स्ट्रीम फक्त डोळ्यांसमोर ठेवतो. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड फीडमध्ये भरतो, पुन्हा रन, पुन्हा भरतो. चार-पाच फेऱ्यांत दोन्ही आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत जुळतात. मग हेच काम कॅल्क्युलेटर ब्लॉककडे सोपवतो: आयनिक द्रवाचा प्रवाह ठरलेला, परत आलेल्या स्ट्रीममधून फक्त कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उचलायचं, आणि मेक-अप म्हणजे ठरलेला प्रवाह वजा परत आलेला. तो मेक-अप शून्याच्या अगदी जवळ आला पाहिजे. सहनशीलतेपेक्षा मोठा निघाला तर बाष्पाच्या प्रत्येक स्ट्रीममधली आयनिक द्रवाची ओळ पुन्हा वाचा. कुठल्यातरी ब्लॉकला तुम्ही वेगळी पद्धत नेमून दिलेली असते, आणि त्या ब्लॉकपुरता तो द्रव अजून उडत असतो.